झबल्यावर ‘ऑर्गॅनिक’ लिहिलंय, म्हणजे ते बाळासाठी सुरक्षित आहेच का?

तालुक्याच्या बाजारपेठेत आता लहान बाळांच्या कपड्यांचे दोन ढीग दिसतात. एका ढिगात नेहमीची झबली, टोपडी, लंगोट. दुसऱ्यात खोक्यात घालून ठेवलेले, हिरव्या पानाचं चित्र आणि ‘ऑर्गॅनिक’, ‘नॅचरल’, ‘केमिकल फ्री’ असे शब्द छापलेले कपडे. या दुसऱ्या ढिगाचा भाव बराच वरचा. मोबाईलवर मागवायला गेलं तरी तेच. दुकानदार म्हणतो, “ऑर्गॅनिक आहे, बिनधास्त घ्या.” आणि बाळाचा बाप विचारात पडतो, की चार पैसे वाचवायच्या नादात लेकराच्या अंगाशी हयगय तर होत नाही ना.

तर आधी एवढं लक्षात घ्या. ‘ऑर्गॅनिक’ म्हणजे सेंद्रिय हा शब्द कापूस शेतात कसा पिकला ते सांगतो. तो कापूस पुढे कुठल्या रंगात बुडवला, त्यावर कसली खळ चढवली, गळ्याला किती लांब बंद लावला, हे त्या एका शब्दात येत नाही. बाळाला त्रास होतो तो बहुतेक वेळा या पुढच्या गोष्टींनी. आणि काही वेळा तर दुकानातल्या कपड्याने नाही, घरातल्याच ट्रंकेतल्या कपड्याने.

शेतापासून झबल्यापर्यंत

सेंद्रिय कापूस म्हणजे रासायनिक खत नाही, रासायनिक फवारणी नाही आणि बीटी बियाणं नाही. आपल्या देशात यासाठी २००१ पासून राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम आहे. केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाखालची अपेडा ही संस्था तो चालवते. नेहमीची शेती सेंद्रिय करायची तर कापसासारख्या हंगामी पिकाला दोन वर्षांचा रूपांतराचा काळ लागतो. त्या काळात खर्च सगळा सेंद्रियचा आणि माल विकताना पूर्ण सेंद्रियचा शिक्का नाही. सेंद्रिय कापूस पिकवण्यात भारत जगात पुढे आहे आणि त्यात मध्य प्रदेशासोबत महाराष्ट्राचाही मोठा वाटा आहे. पण आपल्या भागात पऱ्हाटी म्हटलं की बहुतेक ठिकाणी बीटीच. त्यामुळे सेंद्रिय रुई मुळात कमी आणि महाग.

वेचणीनंतर कापूस जिनिंगला जातो, सरकी निघते, गाठी होतात, सूत निघतं, कापड विणलं जातं. मग ते सोड्यात उकळतात, पांढरं करतात, रंगवतात. या उकळण्या-धुण्यात शेतातल्या फवारणीचा अंश बहुतेक निघून जातो. तयार कापडात तो फारच थोडा उरतो. म्हणून साध्या कापसाचं झबलं म्हणजे बाळाच्या अंगावर कीटकनाशक, ही भीती बाळगायचं कारण नाही.

सेंद्रिय शेतीचा मोठा फायदा फवारणाऱ्याला आणि जमिनीला होतो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. ते डोळ्यांसमोर ठेवून कुणी सेंद्रिय कापसाचं कापड घेत असेल तर तो पैसा योग्य ठिकाणी जातो. फक्त बाळाच्या त्वचेचा हिशोब वेगळा मांडायला हवा.

तो हिशोब असा. बाळाची कातडी मोठ्या माणसापेक्षा पातळ असते, आणि वजनाच्या मानाने तिचं क्षेत्रफळ जास्त. जे अंगाला लागतं ते आत शिरायला सोपं. शिवाय बाळ बाही चोखतं, दुपट्याचं टोक चावतं. कापडावर नंतर चढलेली रसायनं म्हणूनच जास्त महत्त्वाची. कापड चुरगळू नये म्हणून काही वेळा फॉर्मल्डिहाइड असलेला लेप देतात. त्याने कातडीला खाज येते, डोळे चुरचुरतात. काही ॲझो रंगांपासून कॅन्सरला कारण ठरणारी द्रव्यं सुटतात. केंद्र सरकारने नव्वदच्या दशकात असे एकूण ११२ रंग वापरायला बंदी घातली. तरी बिल नसलेला, टॅग नसलेला भडक माल कुठे रंगवला हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

टॅगवर काय बघायचं

पुढच्या बाजूला छापलेल्या पानाफुलांकडे बघू नका. कपड्याच्या आतल्या शिवणीत शिवलेली पट्टी उलटी करून वाचा.

सगळ्यात कामाचा शिक्का म्हणजे जीओटीएस. हिरव्या गोलात पांढरा सदरा, अशी त्याची खूण. या शिक्क्याला शेतापासून शिलाईपर्यंत तपासणी असते. कुठले रंग चालतील, कुठली रसायनं नाहीत, बटणं कसली, कामगारांना कसं वागवलं, हे सगळं त्यात येतं. त्याचे दोन दर्जे आहेत. नुसतं ‘ऑर्गॅनिक’ लिहिलं असेल तर किमान ९५ टक्के धागा सेंद्रिय हवा. ‘मेड विथ ऑर्गॅनिक’ असं लिहिलं असेल तर किमान ७० टक्के. दोन्हींवर शिक्क्याशेजारी तपासणी करणाऱ्या संस्थेचं नाव आणि परवाना क्रमांक असलाच पाहिजे. तो क्रमांक जीओटीएसच्या संकेतस्थळावर टाकला की कंपनीचं नाव येतं. नाव जुळलं नाही किंवा काहीच आलं नाही, तर त्या शिक्क्याचा भाव देऊ नका.

एवढी खातरजमा करायचं कारण आहे. २०२० मध्ये याच जीओटीएस संस्थेने भारतातल्या सेंद्रिय कापसात मोठा घोटाळा उघड केला. सुमारे २० हजार टन कापूस बनावट कागदपत्रांवर सेंद्रिय म्हणून दाखवला होता. काही कंपन्यांवर बंदी आली. म्हणजे छापील कागदावर भरवसा ठेवून मोठमोठे व्यापारी फसले, तिथे खोक्यावरच्या हिरव्या पानाचं काय घेऊन बसलात.

दुसरा शिक्का ओइको-टेक्स स्टँडर्ड १००. हा सेंद्रिय शेतीचा नाही. तयार कपड्यात घातक द्रव्यं आहेत का, एवढंच तो तपासतो. पण बाळासाठी नेमकं तेच हवं असतं. तीन वर्षांपर्यंतच्या मुलांचे कपडे त्यात पहिल्या वर्गात येतात आणि त्या वर्गाचे नियम सगळ्यात कडक आहेत. साध्या कापसाचं पण ओइको-टेक्स पहिल्या वर्गाचं झबलं हे शिक्का नसलेल्या ‘ऑर्गॅनिक’ झबल्यापेक्षा जास्त भरवशाचं. यावरही क्रमांक असतो, तोही मोबाईलवर तपासता येतो.

‘बांबू फॅब्रिक’ नावाने येणारे कपडे मऊ असतात खरे, पण बांबूचा लगदा रसायनात विरघळवून काढलेला तो व्हिस्कोस धागा असतो. सेंद्रिय म्हणून त्याला जास्त पैसे मोजायचं कारण नाही. ‘नॅचरल’, ‘प्युअर’, ‘बेबी सेफ’ या शब्दांमागे शिक्का आणि क्रमांक नसेल तर ते नुसतेच शब्द. असे दावे पुराव्याशिवाय करू नयेत, अशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये काढली आहेत. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. त्यासाठी बिल मात्र हवं.

शिक्का नसेल तर

आठवडी बाजारात शिक्क्याचा माल क्वचितच मिळतो. तिथे हात, नाक आणि डोळे वापरायचे. कापड नाकाशी धरा. रॉकेलसारखा, औषधासारखा उग्र वास आला तर ठेवून द्या. मुठीत चुरगळून सोडा. फारच कडक असेल तर खळ जास्त आहे. पांढरा रुमाल ओला करून कपड्याच्या आतल्या बाजूने दहा-बारा वेळा घासा. रुमालाला रंग लागला तर तो उद्या बाळाच्या तोंडात जाणार. लाल, काळा, गडद निळा हे रंग जास्त जातात. पांढरं, फिकट पिवळं, फिकट गुलाबी बरं. कुणी म्हणेल पांढरं लवकर मळतं. मळू द्या, मळलेलं दिसलं की धुतलं तरी जातं.

‘कॉटन’ म्हणून पॉलिस्टर मिसळलेलं कापड सर्रास विकलं जातं. घरी ओळखायची जुनी रीत आहे. आतल्या शिवणीतून दोन-चार धागे काढायचे, चिमट्यात धरून, बाळापासून लांब, चुलीपाशी पेटवायचे. सुती धागा कागदासारखा जळतो आणि बोटाने चुरा होणारी राख उरते. पॉलिस्टर वितळतं, प्लॅस्टिकचा वास येतो, कडक मणी तयार होतो. उन्हाळ्यात पॉलिस्टरच्या कपड्यात घाम जिरत नाही, घामोळं उठतं. आणि ज्या घरात बाळ-बाळंतिणीला अजून शेक-शेगडी देतात तिथे तर ते नकोच. आग सुतीलाही लागते, पण वितळलेलं पॉलिस्टर कातडीला चिकटून बसतं.

शिवण बघायची ती आतून. जाड टाके, टोचणारी पट्टी, उलटी बसलेली लेस, हे बाळाला दिवसभर काचत राहतं. गळ्याजवळचा बंद लांब नको. टोपड्याचे, कुंचीचे बंद हनुवटीखाली बांधून बाळाला झोपवू नका. बंद कशात अडकला की गळ्याला फास बसू शकतो. झबल्याला पुढून किंवा बाजूने बांधायचे आखूड बंद चालतात, ते मधोमध टाका घालून पक्के करून घ्यावेत. मोती, टिकल्या, घुंगरू ओढून निघतात का ते बघा. निघालं की ते तोंडात जातंच.

एक गोष्ट फार कमी घरांत माहीत असते. हातमोजे-पायमोजे घालायच्या आधी रोज उलटे करून आतले सुटे धागे कापायचे. सुटा धागा किंवा आईचा एखादा केस बाळाच्या बोटाला गुंडाळला जातो, बोट सुजतं, रक्त थांबतं. बाळ दूध पिऊनही, लंगोट कोरडा असूनही सारखं किंचाळत असेल तर मोजे काढून हातापायांची सगळी बोटं बघावीत.

आजीचं लुगडं, पण ट्रंकेतलं नव्हे

कोरं कापड बाळाच्या अंगाला लावू नये, असं जुनी माणसं सांगत आली. आजीच्या लुगड्याचं दुपटं, आजोबांच्या धोतराची झबली. त्यामागचं कारण आज नीट सांगता येतं. शंभर वेळा धुतलेल्या सुती कापडात खळ उरत नाही, कच्चा रंग उरत नाही, लेप उरत नाही. धागा मऊ होतो, घाम शोषतो. कुठलाही शिक्का नसलेलं हे कापड बाळासाठी अव्वल आहे आणि त्याला पैसा लागत नाही. अट एवढीच की ते सुती हवं. हल्लीच्या बऱ्याच साड्या दिसायला सुती, पण असतात सिंथेटिक. धाग्याची परीक्षा इथेही करावी.

धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. मोठ्या भावाचे, चुलत बहिणीचे कपडे, जुनी दुपटी, लोकरीचे स्वेटर ट्रंकेत जपून ठेवलेले असतात, आणि कसर लागू नये म्हणून त्यात डांबर गोळ्या टाकलेल्या असतात. बाळ घरी आलं की ट्रंक उघडते, कपडे झटकले जातात आणि त्याच दिवशी बाळाच्या अंगावर चढतात.

या गोळ्या नॅफ्थॅलीनच्या असतात. त्यांची वाफ कपड्यात मुरते, श्वासातून आणि कातडीतून बाळाच्या अंगात जाते. तेल लावलेल्या अंगातून ती आणखी सहज शिरते, आणि आपल्याकडे बाळाला रोज तेल लावतात. काही बाळांच्या रक्तात जीसिक्सपीडी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं. वरून बघून ते कळत नाही. आई-बापांनाही ठाऊक नसतं. मुलग्यांमध्ये जास्त, आणि काही आदिवासी समाजांत त्याचं प्रमाण अधिक आढळतं. अशा बाळाच्या अंगात नॅफ्थॅलीन गेलं की तांबड्या रक्तपेशी भराभर फुटतात, रक्त कमी होतं, कावीळ चढते. काविळीचं प्रमाण फार वाढलं तर मेंदूला कायमची इजा होते, बाळ दगावूही शकतं. डॉक्टरांना हे जुनं माहीत आहे. घरोघरी मात्र अजून पोचलेलं नाही.

म्हणून बाळाच्या कपड्यांत, पांघरुणांत, बाळ झोपतं त्या खोलीतल्या कपाटातसुद्धा डांबर गोळ्या नकोत. नवजात बाळाला असे कपडे न घातलेलेच बरे. दुसरे नसतीलच तर कित्येक दिवस उन्हा-वाऱ्यात पसरून, वास पूर्ण गेल्यावर, दोन-तीनदा गरम पाण्याने धुऊन मगच. धुण्याआधी उन्हात टाकायचं, कारण नॅफ्थॅलीन पाण्यात फारसं विरघळत नाही, हवेत उडून जातं. कापराच्या वड्याही पर्याय नाहीत, बाळाने तोंडात घातल्या तर त्या विषारी. वाळवलेला कडुलिंबाचा पाला किंवा वेखंडाचा तुकडा पुरचुंडीत बांधून ट्रंकेच्या कोपऱ्यात ठेवता येतो. बाळाला घालायच्या आधी कपडे धुवायचेच.

पहिल्या आठवड्यात थोडी कावीळ बऱ्याच बाळांना होते. पण जन्मल्यापासून २४ तासांच्या आत पिवळेपणा दिसला, तळहात-तळपाय पिवळे झाले, बाळ सुस्त पडलं, दूध ओढेना, लघवी गडद झाली, यातलं काहीही असलं तर घरी उन्हात धरत बसू नका. लगेच दवाखाना गाठा. आणि गोळ्यांचे कपडे घातले असतील तर डॉक्टरांना आपणहून सांगा. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा घरी येतात, त्यांनाही कपडे दाखवायला हरकत नाही.

फवारणीचा सदरा आणि बाळाचा लंगोट

खरिपात घराघरांत दिसणारी गोष्ट. बाप फवारणी करून येतो, सदरा-पॅन्ट मोरीत टाकतो, त्याच बादलीत सकाळी बाळाचे लंगोट भिजलेले असतात. शेतातल्या औषधाचा अंश तयार झबल्यात उरत नाही म्हटलं, पण तो या वाटेने थेट घरात येतो. फवारणीच्या कपड्यांची बादली वेगळी, धुणं वेगळं, वाळत घालायची दोरी शक्यतो वेगळी. धुताना हातमोजे घालावेत. फवारून आलेल्याने अंघोळ करून, कपडे बदलूनच लेकराला घ्यावं, मग ते कितीही हात पसरून येत असलं तरी. आणि औषधाच्या रिकाम्या कॅनमध्ये धुण्याचं पाणी भरू नका, कितीही विसळला तरी नाही.

बाळाचे नवे कपडे घालण्याआधी दोनदा धुतले की खळ आणि मोकळं फॉर्मल्डिहाइड बऱ्यापैकी निघून जातं. साबण साधा, कमी वासाचा, कमी मापाचा. साबणाचा अंश राहिला तरी अंगावर पुरळ येतं, म्हणून दोन-तीन पाण्यांतून काढा. ब्लीच, कपडे मऊ-सुवासिक करणारी द्रावणं नकोत. वाळत घालायचं ते दोरीवर, उन्हात. कुंपणावर, झाडावर, तुराट्यांवर टाकलं की पावसाळ्यात केसाळ अळ्या चढतात आणि त्यांचे बारीक केस कापडात राहून बाळाच्या अंगाला आग होते. झडीच्या दिवसांत कपडे अर्धवट ओले राहतात, कुबट वास येतो. तेव्हा इस्त्री फिरवून कोरडे करावेत.

किती कपडे घालायचे, यावर घरात आजी आणि सुनेचं एकमत होणं अवघड. थंडीत मोठ्या माणसापेक्षा एखादा थर जास्त, डोक्याला टोपडं, हे बरोबर. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवणं कुठल्याही स्वेटरपेक्षा जास्त ऊब देतं. पण मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना कुंची, मोजे, वर दुपटं गुंडाळलं तर बाळ तापतं आणि ताप आला म्हणून दवाखान्यात धावपळ होते. मानेला मागून हात लावून बघा. घाम असेल तर एक थर काढा.

बारशाचं काय? जरीचा अंगरखा, जाळीचा फ्रॉक, फेटा, हे हौसेने येणारच. आत मऊ सुती झबलं घालून वरून तो घाला, फोटो होईपर्यंत ठेवा आणि पाळण्यात घालायच्या आधी उतरवा.

पैसे मर्यादित असतील तर अंगाला थेट लागणाऱ्या चार-सहा झबल्यांवर आणि लंगोटांवर खर्च करा, बाकी जुनी सुती दुपटी पुरतात. अगदी लहान मापाचे ढीगभर कपडे घेऊ नका, दीड-दोन महिन्यांत ते तोकडे होतात. आणि गळ्यापाशी टोचणारी टॅगची पट्टी कापून टाकायच्या आधी तिचा आणि बिलाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. परवाना क्रमांक त्या पट्टीवरच असतो.